शारिवारी: नव्या जोडप्याच्या दारातला मध्यरात्रीचा गोंगाट (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

शारिवारी म्हणजे नेमकं काय?

लग्न झालेल्या जोडप्याच्या खिडकीखाली रात्री जमायचं आणि पातेली, तवे, घंटा, शिंगं, जे हाताला लागेल ते बडवत त्यांची झोप उडवायची, अशी ही फ्रान्समधली जुनी लोकरीत. प्रेयसीच्या खिडकीखाली उभं राहून तरुणानं गोड गाणं म्हणावं हा युरोपातला प्रसिद्ध रिवाज. शारिवारी म्हणजे त्याचीच टवाळी: सूर नाही, ताल नाही, वर शिट्ट्या, हुर्यो आणि अचकटविचकट गाणी. आतून कुणीतरी येऊन पैसे, दारू किंवा खाणं पुढे करेपर्यंत हलायचं नाही.

फ्रेंच वसाहतींबरोबर ही रीत कॅनडात आणि अमेरिकेत गेली. तिथे तिचं नाव शिव्हरी झालं. इंग्लंडात तिला रफ म्युझिक म्हणत, जर्मनीत मांजरांचं संगीत, स्पेनमध्ये सेन्सेराडा, इटलीत स्कांपानाता. तपशील गावागणिक बदलत, गोंगाट तोच.

मग आपल्या वरातीत आणि यात फरक काय?

वरात घरचे काढतात आणि वाजंत्रीवाल्यांना सुपारी देऊन बोलावतात. शारिवारीला कुणीही बोलावलेलं नसतं. वरात कौतुकाची, तर शारिवारी मुळात निषेधाची. शेजाऱ्यांची झोप मात्र दोन्हीकडे सारखीच जाते.

सगळ्याच लग्नांना असा गोंधळ घालत?

नाही, आणि हीच यातली खरी गोष्ट आहे. जुन्या फ्रान्समध्ये विशीतल्या पोरानं विशीतल्या पोरीशी रीतसर लग्न केलं तर कुणी पातेलं उचलत नसे. गोंगाट व्हायचा तो विधुर किंवा विधवा पुन्हा बोहल्यावर चढली तर. साठीच्या म्हाताऱ्यानं कोवळी पोर केली, परगावच्या माणसानं गावातली मुलगी नेली, नाहीतर नवरा मेल्याला चार आठवडेही झाले नसताना बाईनं दुसरं घर केलं, तर मग बघायलाच नको.

असं का? फ्रान्सच्या खेड्यांत आणि शहरांतही बिनलग्नाच्या पोरांची रीतसर मंडळं असत. गमतीनं त्यांना ‘तरुणांचा मठ’ म्हणत आणि म्होरक्याला मठाधिपती. सण, सोंगं, नाच, खेळ हे सगळं त्यांच्याकडे. त्या काळी जमीन किंवा धंदा हाती आल्याशिवाय लग्न करता येत नसे, त्यामुळे पंचविशी उलटली तरी पोरं तशीच राहत. गावात लग्नाच्या मुली मोजक्या. अशात ज्याचा संसार एकदा होऊन गेलाय असा पैसेवाला विधुर येतो आणि त्यातलीच एक घेऊन जातो. पोरांच्या हिशेबी ही सरळ लूट होती, आणि लुटीची भरपाई मागायला ती दारात उभी राहत. नॅटली झेमन डेव्हिस या इतिहासकार बाईंनी १९७०च्या दशकात हे फार चांगलं उलगडून दाखवलं: ही पोरं नुसती उडाणटप्पू नव्हती, गावातल्या लग्नव्यवहारावर नजर ठेवायचं काम गावानंच त्यांच्याकडे सोडलेलं होतं.

दुसरं कारण मेलेल्या जोडीदाराचं. त्याचा आत्मा शांत झाला नसेल, पहिल्या लग्नाची मुलं आता सावत्र आईच्या किंवा बापाच्या हाती जाणार, ही धाकधूक गावाला असे. काही ठिकाणी पहिल्या नवऱ्याचा पुतळाच मिरवणुकीत आणत.

हे सगळं खरं असेलच, पण फुकटच्या दारूचा मोह हेही कारण काही लहान नव्हतं. अभ्यासकांच्या लिखाणात ते जरा कमी येतं.

सगळ्यात जुना पुरावा कोणता?

पॅरिसमध्ये १३१६-१८च्या सुमारास तयार झालेलं ‘रोमान द फोव्हेल’चं सचित्र हस्तलिखित. फोव्हेल हा एक घोडा. दरबारातली हाव आणि ढोंग यांचा तो पुतळा, आणि राजापासून पाद्र्यापर्यंत सगळे त्याला खरारा करायला धावतात. हा घोडा ‘पोकळ प्रतिष्ठा’ नावाच्या बाईशी लग्न करतो आणि पहिल्या रात्री पलंगाकडे जाणार तोच रस्त्यावर हलकल्लोळ सुरू होतो.

त्या पानावरची चित्रं बघण्यासारखी आहेत. कुणी जनावरांचे मुखवटे चढवलेत, कुणी संन्याशाची झूल पांघरली आहे, कुणी कपडे मागचे पुढे घातलेत. कुणाच्या हातात कढई, कुणाच्या मुसळ, कुणी अंगावर गाईच्या घंटा शिवून घेतल्यात. काहीजण पार्श्वभाग उघडा टाकून नाचताहेत. चाकं फिरवली की गडगडाट होईल असा एक गाडाही त्यांनी बनवून आणलाय. सातशे वर्षांपूर्वीचा डीजेच म्हणायचा.

राजेरजवाड्यांच्यात असलं काही होत असेल का?

झालं, आणि त्यात चार माणसं जळून मेली. २८ जानेवारी १३९३ रोजी पॅरिसच्या राजवाड्यात राणी इझाबोच्या एका सखीच्या लग्नाचा नाच होता. ही सखी विधवा होती, म्हणजे हा पुनर्विवाह, म्हणजे टवाळीला मोकळं रान. खुद्द राजा सहावा शार्ल आणि पाच सरदार रानटी माणसांची सोंगं घेऊन आले. तागाचे कपडे अंगावरच शिवलेले, त्यावर राळ ओतून केसांसारखे जवसाचे तंतू चिकटवलेले. मशाली लांब ठेवायचा हुकूम होता. राजाचा भाऊ उशिरा आला, तो मशाल घेऊनच. सोंगाखाली कोण आहे ते बघायला तो जवळ गेला आणि ठिणगी पडली. राजाला त्याच्या तरुण काकूनं, बेरीच्या डचेसनं, आपल्या घोळदार झग्याखाली घेतलं म्हणून तो वाचला. आणखी एकानं पिंपात उडी टाकून जीव वाचवला. उरलेले चौघे गेले.

वाजवायला काय काय असे?

स्वयंपाकघर आणि गोठा, दोन्ही रिकामं करायचं. पातेली, झाकण्या, ओगराळी, चिमटे, कोयते, शिंगं, गुरांच्या गळ्यातल्या घंटा. स्पेनमध्ये या घंटांचाच मान.

लंडनच्या खाटकांची तऱ्हा वेगळी. लग्नघराच्या दारात ते जनावरांची नळीची हाडं आणि सत्तूर घेऊन जात आणि हाडानं सत्तूरावर ठोके देत. सत्तूर घासून घासून वेगवेगळ्या सुरांचे करून ठेवलेले असत, म्हणजे चार खाटीक मिळून चक्क घंटानाद करू शकत. चित्रकार विल्यम होगार्थच्या १७४७च्या एका मुद्राचित्रात हे खाटीक, ढोलकरी आणि झोपेची टोपी घातलेला नवरा खिडकीतून नाणं देताना, असं सगळं एका चौकटीत आहे.

अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी तर स्वतंत्र वाद्यंच बनवली. त्यातलं घोडा-फिडल सगळ्यात भयानक: एका मोठ्या लाकडी खोक्याच्या कडांना राळ चोळायची आणि त्यावरून दोघांनी मिळून लाकडी दांडा करकरत ओढायचा. त्याशिवाय टांगलेलं करवतीचं पातं हातोड्यानं ठोकायचं, नांगराच्या तबकड्या वाजवायच्या आणि मधूनमधून हवेत बंदुकीचे बार.

पैसे किती द्यावे लागत? आणि नाही दिले तर?

भाव ठरलेला नसे, ऐपत बघून मागत. घासाघीस चाले आणि ती चालू असेपर्यंत पातेलीही चालू. नाही दिले तर दुसऱ्या रात्री पुन्हा, तिसऱ्या रात्री पुन्हा. नवरा चिडला, त्यानं शिव्या घातल्या किंवा वरून पाणी ओतलं, की माणसं दुप्पट व्हायची. मुकाट्यानं दार उघडणारा स्वस्तात सुटायचा.

न्यू ऑर्लिन्सला १८०४ साली एका गडगंज विधवेनं दुसरं लग्न केलं. तिचा पहिला नवरा म्हणजे शहरातला मोठा दानशूर, डॉन आंद्रेस अल्मोनेस्तेर. तीन दिवस गर्दी तिच्या मागे लागली, पहिल्या नवऱ्याचं सोंग शवपेटीसकट नाचवलं. शेवटी गोरगरिबांसाठी घसघशीत रक्कम सोडल्यावर बाईची सुटका झाली.

या सगळ्या प्रकाराकडे मी बघतो ते या पैशाच्या बाजूनं. गोंगाट कितीही ओंगळ असो, त्याला शेवट होता आणि तो शेवट विकत मिळत होता. पैसे दिले, पोरांनी त्याची दारू प्यायली, नव्या जोडप्याच्या नावानं पेला उंचावला, की प्रकरण मिटलं. दुसऱ्या दिवशी तोच विधुर त्याच पोरांबरोबर शेतावर. लग्न मोडायला कुणी आलेलं नसे. ते लग्न गावाच्या खात्यात जमा करून घ्यायची ती फी होती.

चर्चनं आणि सरकारनं हे चालू कसं दिलं?

दिलं नाही. चर्चच्या लेखी विधवेचा पुनर्विवाह धर्माला धरूनच होता, तेव्हा त्याची टर उडवणं म्हणजे संस्काराचीच टर. शिवाय मुखवटे, रात्र आणि दारू हे तिन्ही पाद्र्यांना खुपणारं. चौदाव्या शतकापासून एकामागून एक मनाया निघत राहिल्या, यावरूनच त्यांचा कितपत उपयोग झाला ते दिसतं.

कॅनडातल्या क्वेबेकला १६८३ साली एका तरुण विधवेनं नवरा वारल्यावर तीन आठवड्यांत दुसरा केला. दारात रोज रात्री दंगा सुरू झाला आणि तो आवरेना. शेवटी बिशप लावाल यांनी फर्मान काढलं: शारिवारीत सामील होणारा चर्चबाहेर. स्पेनच्या तिसऱ्या कार्लोसनं १७६५ साली माद्रिदमध्ये पुनर्विवाहितांच्या दारातल्या सेन्सेराडावर बंदी घातली. दोन्हीकडे रीत पुढेही चालूच राहिली. नंतर पोलीस, दंड आणि रात्रीच्या शांततेचे कायदे आले तेव्हा कुठे शहरांतून ती हटली.

इंग्लंडात गाढवावर बसवत, ते हेच का?

त्याच कुळातलं, पण कारण वेगळं. तिथल्या ‘स्किमिंग्टन’ मिरवणुकीत बायकोच्या हातचा मार खाणाऱ्या नवऱ्याची खिल्ली असे. त्याला, बहुतेकदा त्याच्या सोंगाला नाहीतर शेजाऱ्याला, गाढवावर किंवा घोड्यावर शेपटीकडे तोंड करून बसवत आणि मागून पातेली. फ्रान्समध्येही गाढवाची ही शिक्षा होती. आपल्याकडची गाढवावरची धिंड आठवल्याशिवाय राहत नाही. माणसाला उलटं बसवलं की त्याची इज्जत उलटी होते, हे कुणी कुणाला शिकवावं लागलेलं दिसत नाही.

बी.ए.ला इंग्रजी घेतलेल्यांना थॉमस हार्डीची १८८६ची ‘द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज’ आठवेल. त्यात अशीच मिरवणूक घरासमोरून जाताना बघून ल्युसेटाला झटका येतो आणि ती दगावते.

एक बदल मात्र लक्षात घेण्यासारखा. इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांनी दाखवलंय की एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात हाच गोंगाट बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांच्या दारात जास्त होऊ लागला. पातेली तीच, आरोपी बदलला.

मग अमेरिकेतली शिव्हरी एवढी हसतखेळत कशी झाली?

जागा बदलली, म्हणून. मिसिसिपीच्या खोऱ्यातल्या फ्रेंच वस्त्यांकडून ही रीत इंग्रजी बोलणाऱ्या शेतकऱ्यांनी उचलली. पण तिकडच्या माळावर दोन घरांत मैलांचं अंतर, माणूस दिसला तरी आनंद. अशा ठिकाणी कुणाचं लग्न चुकीचं ठरवत बसायला वेळ कुणाला होता? हळूहळू शिव्हरी सगळ्याच नव्या जोडप्यांची होऊ लागली. उलट, कुणीच आलं नाही तर वाईट वाटायचं, आपण गावात कुणाचेच नाही की काय असं.

पद्धत साधारण अशी. जोडपं घरी परतलं की शेजारी आपसांत दिवस ठरवत. गाड्या लांब उभ्या करायच्या, कंदील मालवायचे, घरातला दिवा विझेपर्यंत कुंपणापाशी दबा धरायचा. मग एकदम सगळं सुरू. नवऱ्याला उचलून हातगाडीत घालून नवरीकडून ती ढकलवायची, नाहीतर त्याला जनावरांच्या पाण्याच्या कुंडात बुचकळायचं. बाकीचे तोवर घरात शिरून साखरेच्या डब्यात मीठ भरत, पलंगाखाली घंटा बांधत आणि फळीवरच्या पत्र्याच्या डब्यांची लेबलं सोलून काढत. पुढचा महिनाभर त्या बिचाऱ्यांना मटार हवे असताना पीचच निघायचे. शेवटी पुरुषांना सिगार, पोरांना गोळ्या आणि सगळ्यांना केक. शहाण्या नवऱ्या लग्नाच्या सामानातच सिगारची पेटी घेऊन येत.

ब्रॉडवेच्या ‘ओक्लाहोमा!’ (१९४३) या संगीत नाटकात अशी शिव्हरी आहे. १९५५च्या चित्रपटातही ती आहे, आणि त्यात ती हसता हसता एकदम भलत्या वळणावर जाते. ते वळण काही नाटककाराच्या डोक्यातून आलेलं नाही.

म्हणजे यात माणसं दुखावली जात, मारली जात?

हो. रात्र, दारू, मुखवटे, बंदुका आणि आतला संतापलेला नवरा, एवढं एकत्र आल्यावर दुसरं काय होणार? कॅनडात आणि अमेरिकेत शिव्हरीच्या रात्री गोळ्या सुटल्याच्या आणि माणसं मेल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत.

याहून काळी बाजू आहे. सुझना मूडी या लेखिकेनं कॅनडातल्या वसाहतीच्या दिवसांवर १८५२ साली पुस्तक लिहिलं, त्यात शारिवारीवर एक आख्खं प्रकरण आहे. एका काळ्या न्हाव्यानं गोऱ्या आयरिश मुलीशी लग्न केलं. टोळकं आलं, त्याला थंडीत अर्धनग्न बाहेर ओढून दांड्यावर बसवून फिरवलं आणि तो त्यात मेला, असं तिची शेजारीण तिला सांगते. गंमत म्हणून चालणाऱ्या रीतीत ‘हे लग्न आम्हाला मान्य नाही’ हे वाक्य कायम दबून बसलेलं होतं. समोर कोण आहे यावर ते किती जोरात बाहेर येणार ते ठरे.

महाराष्ट्रात असं काही होतं का?

नेमकं असं, म्हणजे पुनर्विवाहाच्या दारात पातेली बडवणं, मराठी मुलखाच्या रिवाजांत सापडत नाही. पण याच प्रश्नाला आपल्याकडे दिलेली उत्तरं बघितली की शारिवारी जास्त कळते.

ब्राह्मणेतर समाजांत विधवेचं दुसरं लग्न होत असे. त्याला पाट म्हणत, कुठे मोहतर. पण तो लागे रात्री, अंधारात, वाजंत्रीशिवाय. पहिलटकरणीचा थाट नाही, मांडव नाही, आणि सवाष्णींनी तिचं तोंड बघू नये म्हणून नवं जोडपं उजाडायच्या आत घरात. म्हणजे फ्रान्समध्ये दुसऱ्या लग्नाच्या रात्री आख्खा गाव वाजत होता, तर आपल्याकडे त्याच रात्री सनईसुद्धा गप्प. आणि पैसे? ते इथेही होतेच. पेशवाईत पाटदाम नावाचा कर होता, पाटावरचा. फरक इतकाच की तिकडे रक्कम नाक्यावरच्या पोरांनी खाल्ली, इथे सरकारनं.

ज्या जातींत पुनर्विवाहच निषिद्ध होता तिथे हत्यार गोंगाटाचं नव्हतं, अबोल्याचं होतं. विधवाविवाहाचा कायदा १८५६ साली झाला. विष्णुशास्त्री पंडितांच्या पुढाकारानं १८६९ साली मुंबईत वेणूबाई आणि पांडुरंग करमरकर यांचा पुनर्विवाह लागला आणि त्यावरून बहिष्काराचं रण पेटलं. धोंडो केशव कर्वे यांनी ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात गोदूबाईंशी लग्न केलं, तेव्हा मुरूडला गावानं त्यांना वाळीत टाकलं. ग्रामण्य म्हणजे हेच: पंक्तीला नाही, पाण्याला नाही, सभेला नाही, घरच्या कार्याला भटजी नाही. दारात येऊन कुणी बोंब मारत नाही, कारण दारात यायचंच नाही.

दोन्हींत निवड करायची वेळ आली तर मी पातेली पत्करीन. तीन रात्री झोप जाईल, खिसा हलका होईल, पण चौथ्या दिवशी लोक बोलतील.

गोंगाट आपल्याला वर्ज्य होता असं मात्र नाही. त्याची तारीख ठरलेली होती. शिमग्याला दारोदार बोंब ठोकायची, लाकडं-गोवऱ्या पळवायच्या, एरवी तोंडातून काढता येणार नाही ते नाव घेऊन ओरडायचं, आणि धुळवडीनंतर सगळं विसरायचं. एखाद्याच्या ‘दारात शिमगा करणं’ हा शब्दप्रयोग शारिवारीला जवळजवळ शिवून जातो.

बीडला जावयाला गाढवावर बसवतात, ते यातच मोडतं का?

माझ्या मते हा सगळ्यात जवळचा नातेवाईक. बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात विडा नावाचं गाव आहे. तिथे धुळवडीला गावच्या एका जावयाची गाढवावरून मिरवणूक निघते, गळ्यात खेटरांचा हार घालून. ही प्रथा आठ दशकांहून जुनी. जावई आधीच सावध होऊन पळ काढतात, म्हणून गावकरी अगोदरपासून पाळत ठेवतात आणि सापडेल तिथून धरून आणतात. गुलाल-रंग उधळत मिरवणूक मारुतीच्या देवळाशी येते. तिथे जावयाला नवे कपडे आणि सोन्याची अंगठी मिळते.

शारिवारीत अपमान सोसायचा आणि वर पैसेही आपणच मोजायचे. विड्यात अपमान सोसला की अंगठी आपल्याला. जावई शेवटी जावईच.

नव्या जोडप्याकडे पैसे मागायला तृतीयपंथी येतात, तेही तसंच?

बाहेरून बघता हो: नवं लग्न, दारात टाळ्या आणि गाणं, घासाघीस, मग निरोप. पण ते शिक्षा करायला येत नाहीत, आशीर्वाद द्यायला येतात. तो त्यांचा परंपरेनं आलेला हक्क आणि पोटाचा उद्योग आहे. शारिवारीचं खरं मराठी भावंड हवं असेल तर महापालिकांकडे बघा. पुण्यासह राज्यातल्या अनेक महापालिकांनी मिळकतकर थकवणाऱ्यांच्या दारात बँड नाहीतर ढोल-ताशे वाजवून वसुली केली आहे. शेजारी गॅलरीत, थकबाकीदार पडद्याआड, थोड्या वेळानं चेकबुक बाहेर. चौदाव्या शतकातल्या फ्रेंच पोरांना यात काहीही समजावून सांगावं लागलं नसतं.

ग्रहणाशी याचा काय संबंध जोडतात?

मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्ट्रॉस यांनी तो जोडला. जगभर ग्रहणात लोक ढोल-भांडी बडवतात आणि युरोपात विजोड लग्नाला भांडी बडवतात. दोन्हीकडे चालू साखळी कुणीतरी मधेच तोडलेली असते: तिकडे सूर्याला गिळणारा राक्षस, इकडे आपली वेळ नसताना मुलगी बळकावणारा विधुर. गोंगाट त्या तुटलेपणाची खूण. ‘दे दान सुटे गिराण’ ही आरोळी ऐकत मोठं झालेल्या पिढीला ही कल्पना फार लांबची वाटणार नाही, त्यातही दान दिलं की सुटका हा भाग. मला ती सुंदर वाटते, पण जरा जास्तच नीटस. आरडाओरडा करणाऱ्यांपैकी कुणाच्या डोक्यात सूर्य असेलसं वाटत नाही.

शारिवारी राजकारणात कशी शिरली?

सहज. नकोशा लग्नाच्या दारात वाजवता येतं, तर नकोशा पुढाऱ्याच्या दारात का नाही? फ्रान्समध्ये १८३०च्या दशकात आमदार-अधिकाऱ्यांच्या खिडक्यांखाली भांडी वाजू लागली. कॅनडात १८३७च्या उठावाच्या वेळी बंडखोरांनी सरकारनिष्ठ अधिकाऱ्यांच्या दारात रात्री हाच गोंधळ घातला. मागणी दारूची नव्हती, राजीनाम्याची होती. बऱ्याच जणांनी दिलाही.

पॅरिसमध्ये शार्ल फिलिपाँ यांनी डिसेंबर १८३२मध्ये ‘ल शारिवारी’ नावाचं सचित्र दैनिक काढलं. ओनोरे दोमिए त्यात व्यंगचित्रं काढी. लंडनच्या ‘पंच’नं १८४१ साली निघताना स्वतःला ‘लंडनची शारिवारी’ असं पोटनाव लावून घेतलं. पुढे पंचचं लोण हिंदुस्थानात आलं. मुंबईत ‘हिंदी पंच’, ठाण्याहून मराठी ‘हिंदुपंच’, कलकत्त्याला तर ‘इंडियन शारिवारी’ याच नावाचं नियतकालिक. म्हणजे मराठी व्यंगचित्राच्या वंशावळीत कुठेतरी वर एक फ्रेंच पातेलं वाजतंय.

भांडी बडवून निषेध करायची पद्धत आजही आहे. चिलीत डिसेंबर १९७१मध्ये बायका रिकामी भांडी घेऊन रस्त्यावर आल्या. क्वेबेकमध्ये २०१२ साली विद्यार्थ्यांच्या संपाच्या वेळी रोज रात्री आठला गल्लोगल्ली भांडी वाजत होती, आणि तिथले लोक त्याचा धागा जुन्या शारिवारीशी जोडतात. मुंबईत १९७२-७३मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी महागाईविरुद्ध काढलेले लाटणे मोर्चे आणि थाळीनाद यांचा फ्रान्सशी वारसा नाही. रिकामं भांडं मोठ्यानं वाजतं, हे गृहिणीला कुणी परदेशातून येऊन सांगायला नको. २२ मार्च २०२०च्या संध्याकाळी पाचला आपण वाजवलेल्या थाळ्या मात्र कौतुकाच्या होत्या.

जर्मनीतलं पोल्टरआबेंड हेच का?

नाही. ते लग्नाच्या आदल्या रात्री, जोडप्याच्या संमतीनं आणि निव्वळ शुभ म्हणून. पाहुणे जुन्या चिनीमातीच्या बशा दारात फोडतात आणि वधूवरांनी मिळून तुकडे झाडून काढायचे. काच फोडायची नाही, आरसा तर नाहीच.

लग्नाच्या गाडीमागे डबे बांधतात ते यातूनच आलं?

तसं सांगतात आणि पटण्यासारखंही आहे. घराभोवती जमायची गरज संपली, जोडपंच गोंगाट मागे ओढत जातं.

आज हे कुठे बघायला मिळतं?

अमेरिकेच्या मध्यपश्चिमेत आणि कॅनडाच्या ग्रामीण भागात अधूनमधून, जुनी माणसं हौसेनं काढतात तेव्हा. शहरांत जवळजवळ संपलं. फ्रान्सच्या काही भागांत मात्र लग्नाच्या रात्रीची एक सौम्य आवृत्ती टिकून आहे: मित्रमंडळी पहाटे जोडप्याची खोली हुडकून काढतात, दार वाजवून उठवतात आणि नव्याकोऱ्या शौचपात्रात शॅम्पेन आणि चॉकलेट कालवून दोघांना प्यायला लावतात. दिसायला ते जसं असायला हवं तसंच दिसतं, हीच त्यातली गंमत.

मुलगा आयोवात असतो. लग्नानंतर त्याचे सासरचे शेजारी ‘शिव्हरी’ काढणार म्हणताहेत. काय करावं?

घाबरू नका, तुमच्या मुलाला त्यांनी आपलं मानलंय. आधी सुनेच्या आईवडिलांना विचारून घ्या की त्यांच्याकडे काय काय चालतं. बंदुकीचे बार आणि पाण्यात बुचकळणं नको असेल तर ते त्यांच्यामार्फत आधीच सांगता येतं, आणि हल्ली ऐकतातही. शेतावर घर असेल तर अडचण नाही. वस्तीत असेल तर आजूबाजूला कल्पना देऊन ठेवलेली बरी, नाहीतर पोलीस येतात. डब्यांवर मार्करनं झाकणाच्या बाजूला नावं लिहून ठेवा. सिगारची पद्धत आता मागे पडली आहे, पण खाणं भरपूर लागेल, वीसेक माणसांचं धरा. चकल्या नेल्यात तर चालतील, चिवडा अंधारात सांडतो.